फ्रीडचे ब्राँझ पॉइंट शूज : लेकीच्या पायाच्या रंगाचे

लेक चौदा वर्षांची आहे, आम्ही लंडनमध्ये हॅरोला राहतो, आणि दीड वर्षापासून ती पॉइंटवर आहे म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहून नाचायचं ते. त्यासाठीचे हे शूज, फ्रीड ऑफ लंडनचे, ब्राँझ रंगाचे. दोन महिने वापरून झाल्यावर लिहितेय. ज्यांच्या मुली बॅले शिकतायत आणि ज्यांचा रंग आपल्यासारखा आहे त्यांनी जरूर वाचा.

आधी गुलाबी शूज आणायचो आणि शोच्या आदल्या रात्री बेसिनपाशी बसून स्पंजने त्यावर माझं फाउंडेशन लावायचो. याला पॅनकेकिंग म्हणतात. सॅटिनवर पहिला हात नीट बसतच नाही, डाग डाग दिसतात, दुसरा हात द्यावा लागतो, शिवणीत रंग जात नाही आणि तिथे गुलाबी रेघ तशीच राहते मग ती इअरबडने भरायची, रात्रभर वाळवायचं, आणि एवढं करून टाइट्सना लागतं ते लागतंच. एकदा रेघ भरता भरता ती म्हणाली, "आई, बाकीच्यांचे तयारच येतात ना." तक्रार म्हणून नाही, सहज. मला ते फार लागलं.

कोणी म्हणेल रंगाचं एवढं काय. पण बॅलेत पाय कमरेपासून अंगठ्यापर्यंत एक अखंड रेघ दिसायला हवा, त्यासाठीच तर टाइट्स आणि शूज एका रंगाचे. मी लहानपणी भरतनाट्यम शिकले, आम्ही अळता लावायचो तो पाऊल उठून दिसावं म्हणून, आणि इथे बरोबर उलटं, शूज पायात विरघळून जायला हवेत. गुलाबी रंग गोऱ्या पायात विरघळतो, सावळ्या पायाला तो घोट्याशी कापून टाकतो. मग परीक्षेत लाइन तुटते म्हणून मुलीला ऐकून घ्यावं लागतं, तिचा पाय कितीही सुंदर असो.

आणि हे फक्त शूजपुरतं नाहीये. बॅलेत बाईला सगळ्यात मोठ्या भूमिका आहेत हे खरंच, पण त्या कोणत्या ते बघा ना, 1832 च्या ला सिल्फिड या बॅलेत हवेत तरंगणारी परी, 1841 च्या जिझेलमध्ये फसवल्या गेलेल्या मुलींची भुतं, मग स्वान लेकमधल्या हंसिणी. सगळ्या पांढऱ्या झग्यात, वजन नसलेल्या. त्या पांढरेपणात नाचणारीसुद्धा गोरीच हवी असं लोकांनी कधी धरून टाकलं कोणास ठाऊक. रेव्हन विल्किन्सन ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय नर्तिका 1955 मध्ये बॅले रूस द मॉन्टे कार्लो या कंपनीत आली तेव्हा तिला स्टेजवर चेहऱ्याला पांढरी पावडर लावावी लागायची. 2015 मध्ये मिस्टी कोपलंड ही दुसरी कृष्णवर्णीय नर्तिका न्यूयॉर्कला स्वान लेकमध्ये मुख्य भूमिकेत नाचली तेव्हा हीच विल्किन्सन, ऐंशी वर्षांची, स्टेजवर तिला फुलं द्यायला आली होती. लेकीला हे सांगताना माझा आवाज भरून आला.

न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेम या कृष्णवर्णीय नर्तकांसाठी निघालेल्या कंपनीत 1970 च्या दशकापासून ज्याच्या त्याच्या कातडीच्या रंगाचे टाइट्स आणि शूज वापरतात, पण रंगवायचे हातानेच. इथे लंडनमध्ये कासा पांचोने 2001 मध्ये बॅले ब्लॅक ही कृष्णवर्णीय आणि आशियाई नर्तकांची कंपनी काढली. कॉलेजच्या प्रबंधासाठी तिला ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय बॅले नर्तिकांच्या मुलाखती हव्या होत्या आणि तिला कोणी सापडेच ना. त्याच कंपनीबरोबर फ्रीडने 2018 मध्ये हे ब्राऊन आणि ब्राँझ असे दोन रंग आणले. फ्रीड 1929 पासून शूज बनवतंय, म्हणजे हिशेब करा किती वर्षं लागली.

आता शूजबद्दल. हे हाताने बनतात, आतली बाजू बाहेर ठेवून शिवतात आणि मग उलटतात, पुढचा कडक भाग म्हणजे बॉक्स कापड आणि खळीचा असतो, तो ओव्हनमध्ये वाळवतात. बनवणाऱ्या प्रत्येक कारागिराची स्वतःची खूण तळव्यावर असते. आमच्या जोडीखाली छोटासा नांगर आहे, लेक क्लासला जाताना त्यावरून बोट फिरवते. बॉक्स तिच्या पायाला छान बसला, अंगठ्यावर सगळा भार येत नाही, आणि पहिले काही दिवस आवाज फार होतो पण तो नव्या पॉइंट शूजचा होतोच. रंग तिच्या गव्हाळ सावळ्या पायाला जवळजवळ तंतोतंत. पहिल्यांदा घालून आरशासमोर वर गेली तेव्हा खाली पायाकडे बघितलंच नाही तिने, सरळ समोर बघत राहिली. सातारहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या, त्या म्हणाल्या "अगं अनवाणीच नाचतीय की काय ही!" याहून चांगलं सर्टिफिकेट नाही.

त्रास झाला तो दुकानाचा. ज्या दुकानातून घेतले (नाव लिहीत नाही) त्यांच्याकडे गुलाबीची रांगच्या रांग आणि या रंगाची एकही जोडी नाही, त्यामुळे गुलाबीवर माप घेऊन ऑर्डर द्यावी लागली, पाच आठवडे थांबलो, आणि जोडीसोबत रिबिनी दिल्या त्या गुलाबी! परत जाऊन बदलून आणल्या. क्लासच्या युनिफॉर्म लिस्टमध्येही अजून नुसतं पिंक लिहिलेलं होतं, मी टीचरशी बोलले, त्यांनी तिथल्या तिथे बदललं, म्हणजे कोणीतरी विचारायचीच खोटी होती.

पॉइंट शूज कोणत्याही रंगाचे असोत टिकत नाहीत, मोठ्या नर्तिका एका शोमध्ये जोडी संपवतात, आमची आठवड्याला तीन क्लास धरून आता मऊ पडायला लागलीय. तेव्हा पुढची जोडी आधीची चालू असतानाच सांगून ठेवा, परीक्षेच्या तोंडावर नको. रिबिन, इलॅस्टिक आणि दोरा तिन्ही ब्राँझ मागा. दोरा मिळाला नाही तर तपकिरीतला फिका चालतो, मी तोच वापरलाय, टाके दिसत नाहीत.