बिअर की बिनअल्कोहोलची बिअर? पोटाला विचारून बघू

बिअर घेतली की पोट बिघडतं, आणि बिघडवणारं अल्कोहोलच असणार, तेव्हा बिनअल्कोहोलची घेतली की सुटलो, असं बरेच जण धरून चालतात. हे अर्धंच खरं आहे. तुमची तक्रार नेमकी कोणती, यावर सगळं ठरतं.

ॲसिडिटीचा त्रास असेल तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या. बिअर पोटात गेली की गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढतं आणि जठर जोरात आम्ल सोडू लागतं. तेवढ्याच ताकदीचं अल्कोहोल नुसत्या पाण्यातून दिलं, तर आम्ल फार थोडं वाढतं. व्हिस्की, कोन्याक यांसारखी ऊर्ध्वपातित मद्यं तर आम्ल वाढवतच नाहीत म्हटलं तरी चालेल. म्हणजे दोष आंबवण्यातून तयार होणाऱ्या दुसऱ्याच कशाचा तरी. 1999 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी त्यातले दोन गुन्हेगार पकडले: मलेइक आम्ल आणि सक्सिनिक आम्ल. ही उष्णतेने नष्ट होत नाहीत. शिवाय हॉप्समधली (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांतली) कडू आम्लंही जठराच्या पेशींना आम्ल सोडायला लावतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

आता बिनअल्कोहोलची बिअर बनते कशी ते पाहा. एक रीत म्हणजे नेहमीसारखी पूर्ण आंबवायची आणि मग कमी दाबाखाली तापवून अल्कोहोल उडवायचं. अल्कोहोल गेलं, पण आम्लं जागच्या जागीच! दुसरी रीत म्हणजे आंबवणं मध्येच थांबवायचं. अशी बिअर गोडसर लागते, कारण माल्टची (मोड आणून वाळवलेल्या बार्लीची) साखर तशीच उरते. आंबणं कमी झाल्यामुळे त्यातून येणारी आम्लंही कमी असणार. ॲसिडिटीवाल्याने बिनअल्कोहोलचीच घ्यायची ठरवली, तर मी ही दुसरी आणि कमी कडू असलेली घ्यायला सांगेन. बाटलीवर रीत लिहिलेली असेलच असं नाही, तेव्हा जिभेवर भरवसा ठेवा.

छातीतली जळजळ मात्र वेगळी. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू अल्कोहोलमुळे सैल पडतो आणि आम्ल वर चढतं. इथे बिनअल्कोहोलची बिअर सरस. पण फेस आणणारा वायू दोन्हींत असतोच. जठर फुगतं आणि ढेकरेबरोबर आम्लही वर येऊ शकतं.

खरा फरक पडतो तो आतड्यांत. लहान आतड्याच्या लाटा दोन तऱ्हेच्या: काही अन्न अडवून घुसळतात, काही पुढे ढकलतात. अल्कोहोल अडवणाऱ्या लाटा मंदावतं आणि ढकलणाऱ्या चालू ठेवतं. पाणी शोषून घ्यायला वेळ कमी मिळतो, आणि रात्री तीन-चार बिअर झाल्या की सकाळी पातळ होतं. गंमत म्हणजे जठराची तऱ्हा उलटी: बिअर साध्या पाण्यापेक्षा जठरात जास्त वेळ रेंगाळते, म्हणून पोट जड वाटतं. सकाळची धावपळ हीच तुमची तक्रार असेल, तर फार विचार करू नका, बिनअल्कोहोलची घ्या.

बिअरमध्ये तंतू (फायबर) असतात म्हणून पोट साफ होतं, हेही ऐकू येतं. बीटा-ग्लुकान आणि अरॅबिनोझायलन हे धान्यातले तंतू असतात खरे, पण एका ग्लासात ग्रॅमभरही नाहीत. 2022 मध्ये पोर्तुगालमधल्या एका प्रयोगात काही पुरुषांना चार आठवडे रोज 330 मिली बिअर दिली, निम्म्यांना अल्कोहोलची, निम्म्यांना बिनअल्कोहोलची. आतड्यातल्या जिवाणूंची विविधता दोन्ही गटांत वाढली. गट अगदीच छोटा होता. तरी एक कळतं: जो काही फायदा असेल, त्यासाठी अल्कोहोल लागत नाही.

सीलिॲक असलेल्यांना, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लूटेन हे प्रथिन ज्यांच्या आतड्याला इजा करतं त्यांना, ही तुलनाच कामाची नाही. बार्लीतलं ग्लूटेन दोन्हींत सारखंच असतं. त्यांनी ग्लूटेन तोडलेली बार्लीची बिअरही टाळावी आणि ज्वारी, तांदूळ अशा मुळातच ग्लूटेन नसलेल्या धान्यांची शोधावी.