९ इंची डिस्क सँडर, व्हीएफडीसकट: काही महिन्यांच्या वापरानंतर

व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) उडाला. विक्रेत्याने झाकण उघडून आतली लोखंडाची धूळ दाखवली आणि "वॉरंटीत बसत नाही" म्हणून हात वर केले. सुऱ्या घासायच्या यंत्रासाठीच हवाय हे सांगूनही जाळीदार, पंख्याचा डबा गळ्यात मारायचा, वर धुळीचं खापर आपल्यावर! घेणार असाल तर आयपी ६५ चाच (धूळ आत न जाणारा, बंद डब्याचा) घ्या. थोडे जास्त पैसे जातात, पण एकदाच.

मोटर १ एचपी, ४ पोल, थ्री फेज. तिच्याबद्दल तक्रार नाही, पण घेण्याआधी टर्मिनल बॉक्स उघडून बघा. सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी बाहेर २३० व्होल्टच देतो आणि आपल्याकडे या मापाच्या मोटरी ४१५ व्होल्टला, स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एकत्र बांधून) जोडलेल्या येतात. सहा टोकं असली तर पट्ट्या फिरवून डेल्टा होतं, म्हणजे मोटर २३० व्होल्टला जुळते. तीनच असली तर स्टारचा सांधा आत वाइंडिंगमध्ये असतो, तो वाइंडरकडून सोडवून घ्यावा लागतो. तशीच चालवली तर फिरते छान, पातं दाबलं की बसते.

आता कागद. डिस्क ९ इंचीच का, तर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर ९ × ११ इंचाचा असतो. एका शीटमध्ये एक डिस्क, वर २ इंची पट्टी उरते ती हाताने घासायला. १२ इंची डिस्क भारदस्त दिसते खरी, पण मग जन्मभर तयार चकत्याच विकत घ्या. वेल्क्रोच्या नादी लागू नका. त्याचा थर दबतो, मुठीच्या पट्टीच्या कडा गोल होतात, टँगवर (पात्याच्या मुठीत जाणाऱ्या भागावर) बसवताना कडेला फट दिसते आणि त्या फटीत इपॉक्सीची काळी रेघ. सपाटी सोडून द्यायची तर डिस्क सँडर घ्यायचाच कशाला? स्प्रे गोंद डिस्क आणि कागदाची पाठ, दोन्हीवर पातळ मारा, हाताला जेमतेम चिकटेल इतका सुकू द्या, मग दाबा. काढताना हेअर ड्रायरने गरम करून कडेपासून सावकाश ओढा. उरलेला गोंद थिनरने पुसा, तोही मोटर बंद करून आणि ठिणग्यांपासून लांब.

वेगाबद्दल मत बदललं. १,४४० आरपीएमला डिस्कची कड मिनिटाला हजार मीटरच्या वर जाते; लाकडाला चालतं, पण पाणी दिलेलं पातं निळं पडायला क्षण पुरतो. आधी व्हीएफडी ही चैन वाटायची. आता पात्याचं काम १५ ते २० हर्ट्झवरच होतं. मात्र तिथे मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो, म्हणून मधूनमधून हात लावून बघावं. व्हीएफडीत थांबण्याची वेळ ५ सेकंद ठेवा. १ सेकंद ठेवली तर डिस्कच्या वजनाने ओव्हरव्होल्टेज ट्रिप येतो, म्हणजे व्होल्टेज चढून व्हीएफडी बंद पडतो. उलटी दिशा ही अनपेक्षित मजा: टेबलाची उजवी बाजूही वापरता येते, कारण पातं नेहमी खाली जाणाऱ्या बाजूलाच धरायचं असतं.

डिस्क लेथवाल्याकडून करून घेतलीत तर १९ मिमी बोअर (शाफ्टचं भोक) आणि तोंड एकाच सेटिंगमध्ये काढायला सांगा. बोअर सैल राहिला की ग्रब स्क्रू (डिस्क शाफ्टवर पकडणारा) आवळताच डिस्क डोलते. कडेला डायल गेजवर ०.०५ मिमीपेक्षा जास्त डोलणं दिसलं तर पैसे देऊ नका.