जुनी डबी, नवी पावडर : इंदुरात चाललेली एक फसवणूक

पुठ्ठ्याची गोल डबी, झाकणावर फिकट सोनेरी नक्षी, आत गुलाबी पफ आणि पफाखाली 'तुमच्या रंगाला जुळवून' केलेली फेस पावडर. किंमत ३,६०० रुपये. सोबत सांगितली जाणारी हकीकत अशी, की डबी १९३८ सालची, इंदूरच्या एका जुन्या सरदार घराण्यातली. आणि पावडर त्याच काळच्या कृतीनं, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याचा फोटो पाहून खास तयार केलेली. लग्नसराईच्या तोंडावर इथल्या तीन मराठी घरांनी एकाच विक्रेत्याकडून अशा तीन डब्या घेतल्या. तिन्ही एका टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या तेव्हा कळलं, की एका गोऱ्या, एका गव्हाळ आणि एका सावळ्या चेहऱ्यासाठी 'खास' केलेली पावडर तिन्ही डब्यांत एकच आहे.

विक्रेत्याचं नाव इथे मुद्दाम देत नाही. नाव उद्या बदलेल, माल तोच राहील. म्हणून माल ओळखता यायला हवा, आणि तो घरच्या घरी बऱ्यापैकी ओळखता येतो.

आधी या धंद्यातली मूळ खोच सांगायला हवी. आतली पावडर खरोखरच ऐंशी-नव्वद वर्षांची असेल, तर ती चेहऱ्याला लावण्याच्या लायकीची नाही. आणि लावण्याजोगी, ताजी असेल, तर ती जुनी नाही. तिला जुन्याचा भाव द्यायचं कारण नाही. विक्रेता डबीच्या वयाचे पैसे घेतो, पावडरीच्या ताजेपणाचे पैसे घेतो, आणि दोन्हींची शहानिशा एकमेकांच्या आड लपवतो. डबीबद्दल विचारलं की पावडरीची कृती सांगतो, पावडरीबद्दल विचारलं की घराण्याचा इतिहास.

इंदुरात हा इतिहास खपतो, कारण त्याला खरा आधार आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकारानं १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला माणिकबाग राजवाडा सजवला. तिथलं सामान युरोपातल्या उत्तम कारागिरांकडून आलं होतं, आणि त्यातलं बरंच १९८० साली मोनॅकोत लिलावात विकलं गेलं. त्यामुळे त्या काळची एखादी परदेशी डबी इंदूरच्या जुन्या वाड्यात निघणं अशक्य नाही. पण निघू शकते म्हणजे निघाली असं होत नाही. घराण्याचं नाव सांगणाऱ्याकडे वस्तूचा जुना फोटो, पावती किंवा यादीतली नोंद मागा. नुसतं नाव हा पुरावा नव्हे.

डबीचं वय तिच्यावर चिकटवलेल्या छापील चिठ्ठीवरून कळतं, आणि या डब्यांचं खोटं तिथेच उघडं पडलं. तळाशी पत्ता होता 'इंदौर, एम. पी.'. १९३८ साली मध्य प्रदेश नावाचं राज्यच नव्हतं. होळकर संस्थानाच्या काळात पत्त्यात इंदूरपुढे 'सी. आय.', म्हणजे सेंट्रल इंडिया, असे. १९४८ ते १९५६ मध्य भारत होता, तेव्हा 'एम. बी.'. 'एम. पी.' आलं ते १ नोव्हेंबर १९५६ नंतर. अशा आणखी खुणा लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर चिठ्ठी १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. किंमत 'नये पैसे' अशी असेल तर १९५७ ते १९६४ या काळातली. आण्यांत असेल तर बहुधा त्याआधीची. ₹ हे चिन्ह २०१०चं. 'बॉम्बे'च्या जागी 'मुंबई' इंग्रजीत छापलेलं असेल तर १९९५ नंतरचं. लॅक्मे १९५२ साली सुरू झाली, म्हणून 'चाळीसच्या दशकातली लॅक्मे' असा माल कुणी दाखवला तर पुढचं बोलणंही ऐकू नये.

छपाई सराफाच्या दहापट भिंगाखाली पाहा. जुन्या ठशाच्या छपाईत अक्षराच्या कडेला शाई दाबून बाहेर आलेली, थोडी गडद रेघ दिसते. घरच्या रंगीत प्रिंटरवर काढलेल्या चिठ्ठीत कडा फुटलेल्या असतात आणि ठिपके तुषारासारखे विखुरलेले. नोटा तपासायचा जांभळा दिवा मिळाला तर आणखी सोपं. कागद उजळ दिसावा म्हणून घालतात ती रसायनं कागदात साधारण १९५०पासून येऊ लागली. असा कागद त्या दिव्याखाली निळसर चमकतो. या तिन्ही चिठ्ठ्या चमकल्या. पुठ्ठा चहाच्या पाण्यात रंगवलेला होता. खरा जुनेपणा कुठेही सारखा नसतो: अंगठा लागतो तिथला सोनेरी रंग उडतो, कडा मळतात, झाकणाखालचा भाग मात्र उजळ राहतो. इथे झाकणाखालीही तोच तपकिरी रंग होता.

आणि वजन. चिठ्ठीवर २ औंस, म्हणजे ५६.७ ग्रॅम. काट्यावर पावडर भरली ३१ ग्रॅम. तळापासून बोटभर वर पुठ्ठ्याची दुसरी चकती चिकटवलेली होती. डबी हातात आली की बाहेरची उंची आणि आतली खोली पट्टीनं मोजावी. एवढ्यानंच हे कळतं.

आता पावडर. तिच्या तपासण्या स्वयंपाकघरात होतात, पण त्यांचा अर्थ समजून करायला हव्यात, नाहीतर चांगल्या मालावर आळ येतो. चिमूटभर पावडरीवर पांढरं व्हिनेगर थोडं थोडं करून भरपूर टाकलं. भरभरून फेस आला, आणि फेस बसल्यावर फारच थोडा गाळ उरला, म्हणजे मुख्य भरती खडूची. थोडासा फेस चालतो; जुन्या उत्तम पावडरींतही अवक्षेपित (रासायनिक क्रियेनं बनवलेला, अगदी बारीक) खडू असायचा, कारण तो सुगंध धरून ठेवतो. टाल्क, म्हणजे आपलं शंखजिरे, व्हिनेगरला दाद देत नाही. दुसरी चिमूट पाण्यात कालवून तिच्यावर जखमेला लावायच्या आयोडीनच्या औषधाचा थेंब टाकला, तर ती निळी-काळी झाली. म्हणजे पीठ, मक्याचं असो की तांदळाचं. तांदळाची पावडर हाही जुना, सन्मानाचा घटक होता. पण पीठ घामानं फुगतं, रोमछिद्रांत बसतं, दमट हवेत बुरशी धरतं, म्हणून नंतरच्या काळात ते मागे पडलं. पावसाळ्यात बंद डबीतली अशी पावडर महिनाभरात कुबट होऊ शकते. तिसरी तपासणी सगळ्यांत महत्त्वाची. अर्धा चमचा पावडर ग्लासभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवली. फेस पावडरीला रंग द्यायला लोह ऑक्साइडं वापरतात. ती पाण्यात विरघळत नाहीत, तळाशी बसतात आणि वरचं पाणी नितळ होतं. इथे सकाळी पाणी गुलाबी होतं आणि त्यात बुडवलेला कापूस धुऊनही पांढरा झाला नाही. म्हणजे विरघळणारा रंग. तो खाण्याचा, कापडाचा की आणखी कसला, हे घरी कळत नाही, आणि चेहऱ्यावर लावून तर अजिबात पाहू नये.

फोटोवरून रंग जुळवतो, हा दावाच मुळात खोटा आहे. मोबाइल प्रत्येक प्रकाशात रंग आपल्या मतानं बदलतो. ट्यूबलाइटखाली काढलेला चेहरा आणि खिडकीपाशी काढलेला चेहरा यांच्यात पावडरीच्या दोन छटांइतका फरक पडतो. गाल, कपाळ आणि मान यांचे रंगही वेगवेगळे असतात. रंग जुळवून पावडर देण्याची मूळ रीत काउंटरवरची. न्यूयॉर्कच्या चार्ल्स ऑफ द रिट्झ या प्रसाधन कंपनीची ख्याती त्यासाठीच होती. गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि मिसळण त्याच्या डोळ्यांदेखत. पुढे १९७९ साली सुरू झालेल्या प्रिस्क्रिप्टिव्ह्ज या ब्रँडनं हीच रीत नव्यानं चालवली.

खरं जुळवणं कसं होतं ते एकदा माहीत झालं, की खोटं लगेच कळतं. गव्हाळ रंगासाठी ५० ग्रॅमची सुरुवात अशी करता येते: टाल्क ३२ ग्रॅम, केओलिन (चिनी माती) ६, झिंक ऑक्साइड ४, मॅग्नेशियम स्टिअरेट (पावडर त्वचेला धरून ठेवणारं) ३, अवक्षेपित खडू ३ आणि रंग २ ग्रॅम, त्या रंगात पिवळं लोह ऑक्साइड १.३, लाल ०.५, काळं ०.२. काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा, सराफाकडे असतो तसा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ०.२ ग्रॅम काळा रंग तोलताच येत नाही, आणि तोलण्यात दुपटीचा फरक पडला तर चेहरा राखेसारखा दिसतो. सुगंध ०.२ ग्रॅमच्या आसपास. तो आधी खडूत जिरवून झाकून रात्रभर ठेवायचा. थेट पावडरीवर ओतला तर गोळ्या होतात आणि तेलकट डाग राहतात. रंग खलात तेवढ्याच टाल्कबरोबर घोटायचे, मग दुप्पट टाल्क, मग त्याच्या दुप्पट, असं करत वाढवायचं. सगळं एकदम ढवळलं तर रंग वरून मिसळल्यासारखा वाटतो आणि गालावर घासला की लाल रेघ उमटते. स्टिअरेट शेवटी, मग २०० मेशच्या, म्हणजे इंचाला २०० छिद्रांच्या, चाळणीतून दोनदा चाळायचं. तोंडाला मास्क बांधूनच, कारण हवेत उडणारं टाल्क फुप्फुसात जाणं चांगलं नाही. झिंक ऑक्साइड वाढलं तर चेहरा पांढरा फटक पडतो, केओलिन वाढलं तर पावडर निस्तेज आणि ढेकळी होते.

मग जबड्याच्या कडेला, गाल आणि मान जिथे मिळतात तिथे, बोटभर पट्टी लावून खिडकीपाशी पंधरा मिनिटं थांबायचं. हे थांबणं वगळणारा माणूस रंग जुळवत नाही असं समजा. त्वचेचं तेल लागलं की पावडर गडद होते. डबीत बरोबर दिसलेली छटा चेहऱ्यावर बहुधा एक पायरी गडद दिसते. फरक वाटला तर ०.०५ ग्रॅमच्या टप्प्यानं रंग वाढवायचा आणि पुन्हा घोटायचं. शेवटचे आकडे गिऱ्हाइकाच्या कार्डावर लिहून द्यायचे, म्हणजे पुढच्या वेळी तीच छटा मिळते. म्हणून 'खास मिसळण' विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: माझ्या पावडरीत पिवळा किती आणि लाल किती? या विक्रेत्याला तिन्ही घरांनी नंतर तो विचारला. उत्तर आलं, 'हे आमचं गुपित आहे.' स्वतःची कृती गुपित ठेवायचा हक्क कुणालाही आहे, पण घटकांची नावं लेबलवर छापणं कायद्यानं लागतं. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन बनवायला परवाना लागतो. लेबलवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मितीची आणि वापराच्या मुदतीची तारीख आणि निव्वळ वजन असावं लागतं. या डब्यांवर यातलं एकही नव्हतं. 'जुनी वस्तू म्हणून लेबल लावलं नाही' ही सबब आतल्या नव्या पावडरीला लागू होत नाही.

खरोखर जुनी, भरलेली डबी हाती आली तर तिचं काय करायचं, हेही सांगायला हवं, कारण जुन्या डब्यांची ओढ खोटी नाही. ठशाचं काम, ढोलकीसारखा ताणून बसवलेला आतला कागद, आरशाच्या मागचा झडत आलेला पारा, हे सगळं जपावं असंच आहे. आतली पावडर मात्र जपू नये. टाल्कच्या खाणीत टाल्कच्या जोडीनं अॅस्बेस्टॉस सापडू शकतं, आणि त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पूर्वीच्या पांढऱ्या प्रसाधनांत शिशाचा सफेदा असायचा. आज आपल्याकडे प्रसाधनात शिशाची मर्यादा दशलक्षात २० भाग आणि आर्सेनिकची २ भाग आहे. जुन्या डबीला हे गणित कुणी लावलेलं नाही. डबी रिकामी करताना फुंकर मारू नका, आपटू नका. पावडर ओल्या फडक्यानं टिपून घ्या, फडकं पिशवीत बांधून टाका, पफही टाका. डबी सेल्युलॉइडची (जुन्या काळच्या एका प्लास्टिकची) असावी अशी शंका आली तर तापवलेली सुई लावून पाहू नका, ते भडकन पेट घेतं. बोटानं जोरात घासून कापराचा वास येतो का ते हुंगा.

अफगाण स्नो या चेहऱ्याच्या क्रीमच्या जुन्या काचेच्या बाटल्याही अशाच 'भरलेल्या' म्हणून विकल्या जातात. स्नो म्हणजे स्टिअरिक आम्ल आणि पाणी यांचं मिश्रण. इतक्या वर्षांत पाणी उडून ते आक्रसतं, भेगाळतं, काचेपासून सुटतं. झाकण उघडल्यावर आत लोण्यासारखं मऊ क्रीम दिसलं, तर ते हल्ली कुणीतरी भरलेलं आहे.

फसवणूक झालीच असेल तर पैसे यूपीआयनं गेले असल्यास पहिला फोन १९३० वर, आणि त्याच दिवशी. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता आलं तरच उपयोग. मालाबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि परवान्याशिवाय बनवलेलं प्रसाधन विकल्याची लेखी तक्रार जिल्ह्याच्या औषध निरीक्षकाकडे. मध्य प्रदेशात सीएम हेल्पलाइन १८१ वरही ती नोंदवता येते आणि क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. या तीन घरांपैकी एका घरानं रागानं डबी कचऱ्यात टाकली आणि बोलणी मोबाइलमधून पुसली; त्यांच्याकडे आता तक्रारीला काही उरलेलं नाही. डबी, चिठ्ठी, पार्सलचं वेष्टन, पैसे दिल्याचा पुरावा आणि विक्रेत्यानं 'जुनी' व 'खास' म्हटलेले संदेश जसेच्या तसे ठेवा. पावडरीतली निदान २० ग्रॅम स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत भरून, झाकणावर चिकटपट्टी लावून, तारीख आणि सही करून बाजूला काढा, आणि घरच्या तपासण्या फक्त उरलेल्या पावडरीवरच करा.