रिगवरच्या लॉकिंग पिन्स: काही महिन्यांच्या वापरानंतर काय टिकलं, काय काढून टाकलं

आमच्या तेल-गॅसच्या विहिरी खोदणाऱ्या रिगवर आम्ही मध्यंतरी सगळ्या पिन्सचं लॉकिंग बदललं. एलिव्हेटर (पाइप पकडून उचलणारा), मॅन्युअल टॉंग (पाइपचे जोड आवळायचा मोठा पाना), स्लिप्स (पाइप फ्लोअरवर धरून ठेवणाऱ्या पाचरी), मास्ट (रिगचा उंच मनोरा), हँडरेल, सगळीकडे फिरून कुठे कसलं लॉक पाहिजे ते ठरवलं आणि त्याप्रमाणे बसवलं. आधी नुसती सरमिसळ होती, एका भोकात कॉटर (पाय वाकवून बसवायची दुपदरी पिन), शेजारच्या भोकात आर-क्लिप (आर आकाराची स्प्रिंगची क्लिप) आणि तिसऱ्यात वेल्डिंग रॉडचा तुकडा वाकवून घातलेला, आणि तो तुकडा कुणी कधी घातला ते कुणालाच माहीत नाही. आता नवीन सेट बरेच महिने चालतोय, पावसात चालला, उन्हात चालला, एक रिग मूव्हही (रिग नव्या जागी हलवणं) झाला, त्यामुळे आता अनुभव लिहायला हरकत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे जिथे लोड आहे तिथे पिना दोन असतात. मोठी लोड घेते आणि छोटी मोठीला जागेवर धरून ठेवते. छोटीवर लोड येतच नाही आणि यायलाही नको. पण सगळं लक्ष मोठीकडे, तिचं सर्टिफिकेट, तिची एमपीआय (चुंबकाने भेगा शोधायची तपासणी), तिचा सीरियल नंबर, आणि छोटी कॉटर मात्र खिशातून काढून घालायची. मी जेवढं काम बघितलंय त्यात मोठी पिन मोडलेली फार क्वचित, ती सरकून बाहेर येते. व्हायब्रेशन सतत चालूच असतं, त्यात स्ट्रिंग (विहिरीतली पाइपांची माळ) अडकली आणि ती सोडवायला जार मारायला, म्हणजे दणके द्यायला लागलं की अख्खा मास्ट हादरतो, पिन भोकात थोडी थोडी फिरते, थोडी थोडी पुढे सरकते, आणि अडवायला छोटी नसेल तर संपलं. म्हणून जारिंग थांबल्यावर वरपासून खालपर्यंत पिना बघितल्याशिवाय पुढचं काम सुरू करायचं नाही हा नियम मला शंभर टक्के पटतो, कितीही घाई असू दे.

आता कुठलं लॉक कसं निघालं ते.

साधी कॉटर पिन, म्हणजे स्प्लिट पिन, अजूनही सगळ्यात भरवशाची, पण नीट घातली तर. साइझ भोकात जेमतेम जाईल अशी पाहिजे, बारीक कॉटर जाड भोकात घातली की ती आतल्या आत खडखडत राहते आणि डोक्याजवळ झिजते. दोन्ही पाय व्यवस्थित वाकवायचे, एकच पाय जरासा वाकवून सोडायचा नाही. आणि एकदा सरळ केलेली कॉटर परत वापरायची नाही, कधीच नाही. काढलेली एखादी कॉटर उजेडात धरून बघा, वाकवलेल्या जागी बाहेरच्या बाजूला आडव्या बारीक रेघा दिसतात, परत वाकवलं की पाय तिथूनच तुटतो, कधी हातात तर कधी दोन दिवसांनी वर असताना. खाऱ्या हवेत साधी स्टीलची लवकर गंजते, आम्ही बाहेरच्या जागांना स्टेनलेस घातल्या, त्या अजून चांगल्या आहेत.

आर-क्लिप मी लोडच्या आणि उंचीवरच्या सगळ्या जागांवरून काढून टाकली. घालायला काढायला सोपी, पण जितकी हाताने सोपी निघते तितकीच दोराने, होजने, नाहीतर कुणाच्या हातमोज्याने निघते. खाली स्किडवर, गार्डला, अशा ठिकाणी चालेल. लिंच पिन, ती रिंग पलटी मारून बसते ती, थोडी बरी आहे कारण रिंग स्प्रिंगने दाबून बसते, पण रिंगमध्ये काही अडकलं तर ती पण उघडते आणि स्प्रिंग ढिली झाली की रिंग अर्धवट उभी राहते, ते लांबून कळत नाही. रिंग हाताने हलवूनच बघावी लागते.

बॉल-लॉक पिन, म्हणजे बटण दाबलं की टोकाचे छर्रे आत जातात ती, हिच्याबद्दल मला फार आशा होती. हँडरेल, प्लॅटफॉर्मचे कप्पे, जिथे रोज उघडझाक आहे तिथे ती मस्त चालते. रिग फ्लोअरवर मात्र अजिबात नाही. मड (ड्रिलिंगचा चिखल) वाळला की छर्र्यांच्या खाचेत बसतो, बटण वर येतं पण छर्रे पूर्ण बाहेर येत नाहीत, आणि दिसायला पिन लॉक झालेली दिसते. हे सगळ्यात वाईट. आता जिथे जिथे ती ठेवलीय तिथे पाण्याने धुवायची, बटण पाच सात वेळा दाबायचं, पातळ तेलाचा थेंब टाकायचा, ग्रीस नाही, आणि घातल्यावर ओढून बघायची.

बोल्ट, कॅसल नट (वर खाचा असलेला नट) आणि त्यात कॉटर, हे वर जेवढं म्हणून आहे तिथे मला सगळ्यात जास्त आवडलं. वेळ लागतो हे खरं. नटची खाच भोकासमोर येत नसेल तर नट थोडा पुढे फिरवायचा, मागे सैल करून जुळवायचा नाही. शॅकल (यू आकाराची कडी) पण उंचीवर कायमची राहणार असेल तर नट-कॉटरवालीच घ्या, स्क्रू पिनवाली नको, ती व्हायब्रेशनने फिरते.

एलिव्हेटरचं जरा सविस्तर सांगतो कारण तिथे खरं शिकायला मिळालं. सेंटर लॅच एलिव्हेटरला मागे हिंज पिन, पुढे लॅचची पिन, आणि दोन्ही कानांना लिंक (एलिव्हेटर ज्यांवर लटकतो ते लांब दांडे) अडवणारे ब्लॉक, त्यांचे बोल्ट वेगळे. दर शिफ्टला एलिव्हेटर उघडून एक अर्धा भाग हाताने वर-खाली हलवून बघायचा. थोडी हालचाल असतेच, पण कालच्यापेक्षा जास्त वाटली तर थांबा. मग पिनच्या डोक्याच्या कडेला बघा, विटकरी रंगाची बारीक पूड जमली असेल तर ती पिन भोकात हलते आहे, ग्रीस पोचत नाहीये. कॉटरच्या डोक्याखाली लख्ख चकाकणारी कड दिसली तर मोठी पिन कॉटरला येऊन घासते आहे, म्हणजे ज्या छोटीवर लोड यायला नको तिच्यावर यायला लागलाय. या दोन खुणा बघायला अर्धा मिनिट लागतो, टॉर्च पाहिजे आणि आधी फडक्याने पुसून घ्यायला पाहिजे, मडने माखलेल्या एलिव्हेटरवर काहीच दिसत नाही.

आणि हो, हे काम रोटरीवर (पाइप फिरवणाऱ्या टेबलवर) करताना विहिरीचं होल झाकलेलंच पाहिजे. एक कॉटर नाहीतर स्लिपची हिंज पिन आत पडली की ती जंक (विहिरीतला नको असलेला धातूचा तुकडा) झाली, पीडीसी बिटचे (कृत्रिम हिऱ्याचे दात असलेल्या ड्रिलच्या टोकाचे) कटर अशा कडक तुकड्याने फुटतात, मग तो काढायला मॅग्नेट नाहीतर जंक बास्केट घेऊन ट्रिप मारा, म्हणजे सगळे पाइप काढा आणि परत घाला. एवढ्याशा पिनेपायी सगळी रिग थांबते.

टॉंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे, फ्लोअरवरची सगळ्यात दुर्लक्षित पिन म्हणजे टॉंगच्या लिव्हरच्या टोकाची, जिथे स्नब लाइन (टॉंगला अडवून धरणारा दोर) लागते ती. जॉच्या (पाइप पकडणाऱ्या जबड्याच्या) हिंज पिना सगळे बघतात कारण तिथे ग्रीस मारायचं असतं. पण टॉर्क लागलेला असताना टोकाची पिन निघाली तर लिव्हर जिकडे फिरेल तिकडे फिरेल आणि तिथे माणसं उभी असतात. ती आम्ही बोल्ट-नट-कॉटर केली आणि लाल रंग दिला म्हणजे लांबून दिसते. डाय (जॉमधले दातेरी तुकडे) अडवणाऱ्या छोट्या कॉटरी पण तितक्याच महत्त्वाच्या, डाय बदलताना जुनीच परत ठोकून बसवायची सवय आहे ती मोडायला वेळ लागला.

ग्रीसचं सांगायचं तर नुसतं निपलला गन लावून दोन पंप मारले म्हणजे झालं असं नाही. लोड असताना पिन एका बाजूला दाबून बसलेली असते, ग्रीस रिकाम्या बाजूने निघून येतं आणि जिथे झिजतंय तिथे जातच नाही. लोड काढा, जॉ उघडबंद करत करत ग्रीस मारा, जुनं काळं बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत. दोन जातींचं ग्रीस मिसळू नका, काही एकमेकांत गेल्यावर पातळ होऊन वाहून जातात. काही जण ड्रिल पाइपचा डोप हिंजला फासतात कारण तो हाताशी असतो. तो थ्रेडसाठी आहे, बऱ्याच डोपमध्ये धातूची पूड असते, ग्रीसच्या बारीक वाटा त्याने बुजतात.

झीज डोळ्याने मोजू नका. व्हर्नियर लावा, आणि पिनच्या टोकाला नाही तर जिथे प्लेटी तिला कापायला बघतात तिथे लावा, एकदा उभा आणि एकदा आडवा. ५० मिमीची पिन सगळीकडून झिजून ४५ झाली तर ऐकायला फक्त १०% वाटतं, पण क्षेत्रफळ १९% कमी झालेलं असतं आणि वाकण्याची ताकद त्याहून जास्त, साधारण २७%. शिवाय भोक मोठं झालं की प्रत्येक वेळी लोड धक्क्याने येतो. मेकरची वेअर लिमिट यापेक्षा खूप आधीच येते, ती मॅन्युअलमध्ये असते, ती बघा. आणि भोक पण मोजा, नवीन पिन लंबगोल झालेल्या भोकात घालून काही साधत नाही.

होइस्टिंगच्या (उचलायच्या सामानाच्या) तपासणीला एपीआयची, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, आरपी ८बी ही शिफारस आहे, मास्टला आरपी ४जी. ८बी मध्ये चार कॅटेगरी आहेत, पहिली म्हणजे चालू कामात लक्ष ठेवणं, दुसरीत गंज, वाकणं, सैल किंवा गायब झालेले भाग, ग्रीस हे बघणं, तिसरीत महत्त्वाच्या जागांची एनडीटी (भाग न तोडता भेगा शोधायची तपासणी) आणि चौथीत सगळं खोलून. लोकांना वाटतं तिसरी-चौथी म्हणजे खरी तपासणी. माझा अनुभव उलटा आहे, छोट्या पिनांचं काम पहिल्या दोन कॅटेगरीतच होतं, आणि ते बाहेरचा इन्स्पेक्टर येऊन करणार नाही, ते क्रूनेच रोज करायचं आहे.

मास्टच्या पिना रिग मूव्हला कळल्या. प्रत्येक पिनवर नंबर पंच केला आणि ती त्याच भोकात परत गेली, त्यामुळे बसवायला पूर्वीपेक्षा कमी मारामारी झाली. मास्ट उभा करायच्या आधी एका माणसाने फक्त पिना आणि त्यांच्या सेफ्ट्या (अडवणाऱ्या छोट्या पिना) बघत फिरायचं, दुसरं काही काम त्याला द्यायचं नाही. खाली घेताना पिन निघत नसेल तर घण घेऊन तुटून पडू नका. पिन घट्ट आहे म्हणजे बहुतेक वेळा तिच्यावर अजून लोड आहे, आधी लोड काढा, लेव्हल जुळवा, मग ती हाताच्या ठोक्याने येते. ठोकायचंच असेल तर मध्ये पितळेचा ड्रिफ्ट धरा, कडक स्टीलवर कडक हातोडा मारला की कपच्या उडतात आणि डोळ्यात जातात.

लॅनयार्डवर (पिन बांधून ठेवायच्या तारेवर) मी थोडा नाराज आहे. छोटी पिन हरवू नये, वरून पडू नये म्हणून तिला तार पाहिजेच. अर्धा किलोची पिन ३० मीटरवरून सुटली तर खाली येईपर्यंत तिचा वेग ताशी ८५ किमीच्या वर जातो, हेल्मेटचा त्यापुढे काय निभाव लागणार. पण सेटबरोबर आलेली तार बारीक, प्लास्टिकच्या वेष्टनाशिवाय, आणि क्रिंप केलेल्या जागी तिचे धागे महिन्याभरात सुटायला लागले, हाताला टोचतात ते वेगळंच. बदलून वेष्टनवाली जाड तार घेतली. लांबी पण कमी केली, पिन काढून बाजूला लटकेल एवढीच, लांब तार फिरणाऱ्या पाइपच्या जवळ नको.

बनावट मालाबद्दल पण सांगायला हवं. एका पुरवठादाराने हिंज पिना दिल्या, दिसायला एकदम चकचकीत, कागदपत्र मात्र "नंतर पाठवतो". थोड्याच ट्रिपांत एकीचं डोकं कडेने पसरायला लागलं, हार्डनेस बघितला तर नुसतं माइल्ड स्टील लेथवर फिरवलेलं. सगळा लॉट परत केला. पिन म्हणजे गोल रॉडच तर आहे असं समजून वर्कशॉपमध्ये बनवून घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्या की या पिना हीट ट्रीट केलेल्या अलॉय स्टीलच्या असतात, आणि त्याच कारणाने झिजलेल्या पिनवर वेल्डिंगचा भराव टाकून परत टर्न करणं पण बंद करा, हीट ट्रीटमेंट जाते आणि वेल्डच्या कडेने क्रॅक सुरू होतो.

शेवटची मड पंपाच्या रिलीफ व्हॉल्व्हची शिअर पिन, हिचं काम बाकी सगळ्यांच्या उलट, ही तुटायलाच बसवलेली असते. प्रेशर ठरल्यापेक्षा वर गेलं की ती तुटते आणि व्हॉल्व्ह उघडतो, म्हणून तिथे मेकरचीच पिन, मेकरने सांगितलेल्या भोकात, लायनरच्या (पंपाच्या सिलिंडरमधल्या नळीच्या) साइझप्रमाणे. खिळा, वेल्डिंग रॉड, ॲलन की, यातलं काही घातलं तर पिन तुटणार नाही, मग लाइन फुटेल नाहीतर पंपाचा फ्लुइड एंड (मड ढकलणारा भाग). आम्ही शिअर पिनांचा वेगळा डबा केला, त्यावर पंपाचं नाव, आणि डब्यात दुसरं काहीही ठेवायचं नाही. व्हॉल्व्ह एकदा उडाला की तो खोलून धुवायचा, आतली वाळू पिस्टनला धरून ठेवते आणि पुढच्या वेळी तो जास्त प्रेशरला उघडतो. पिन तुटली तर नवीन घालायच्या आधी प्रेशर का वाढलं ते ड्रिलरने सांगितल्याशिवाय पंप सुरू करू देऊ नका. आमच्याकडे सध्या यावरच वाद चाललाय, कारण रात्रपाळीला पिन बदलून लगेच पंप मारायची घाई असते, मी मात्र डब्याची किल्ली ड्रिलरकडेच ठेवायला लावली आहे.