बेझलचा अनुभव: वेग झकास, तारीख गायब

उमरेडकडच्या एका वजनकाट्यावरून फोन आला. "भाऊ, व्हर्जनच्या स्क्रीनवर तारखेच्या जागी भलतंच काही येऊन राहिलं. काय लपवून राहिले तुम्ही?" त्या चौकटीत वर्षानुवर्षं बिल्डची, म्हणजे कोडमधून प्रोग्रॅम तयार केल्याची, तारीख असायची. आता तिथे 'रिडॅक्टेड', म्हणजे 'मुद्दाम झाकलेलं'. जुनं मेक सोडून बेझल या बिल्ड करणाऱ्या टूलवर गेल्यानंतरचा आमचा तो पहिलाच रिलीज, आणि कोळशाच्या ट्रकचं वजन करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये असा शब्द दिसल्यावर गिऱ्हाइकाच्या मनात काय येणार, सांगायला नको.

करामत बेझलचीच. त्याची सी प्लस प्लसची आयती मांडणी कोडमध्ये तारीख-वेळ भरणाऱ्या डेट, टाइम आणि टाइमस्टॅम्प या तिन्ही मॅक्रोंच्या जागी हा शब्द घालते. कंपायलरने त्यावर कुरकुर करू नये म्हणून ती वॉर्निंग दाबणारा फ्लॅगही स्वतःच जोडते. म्हणजे चोरी करायची आणि कुत्र्यालाही गप्प बसवायचं. टूल निवडताना वेगाबद्दल वाट्टेल तेवढं वाचायला मिळालं, याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

बाकी त्रास अपेक्षित होते. आमचा कोड जुना, मेकला काय कसं बांधायचं ते सांगणाऱ्या मेकफाइलच्या पोटात मेकफाइल. छपाईच्या लायब्ररीला सेटिंगची लायब्ररी लागायची आणि सेटिंगवालीला छपाईची. सगळे तुकडे शेवटी जोडणाऱ्या लिंकरला तीच नावं दोनदा देऊन सगळे गप्प बसले होते. बेझल असं वर्तुळ चालवूनच घेत नाही, कंपाइल सुरू व्हायच्या आधी अडवतो. दोघींच्या मधला सामाईक भाग तिसरीकडे काढण्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात बाकीचं निम्मं काम झालं असतं. एक स्क्रिप्ट तर हेडर तयार करून थेट सोर्सच्या फोल्डरमध्ये टाकायची. बेझल ज्या बंदिस्त जागेत काम करतो त्या सँडबॉक्समध्ये सांगितलेल्या फायलींपलीकडे काही दिसत नाही, त्यामुळे तीही उघडी पडली.

शिवाय याचा जावा सर्व्हर मेमरी अडवून मागे चालत राहतो. काम नसेल तरी तीन तास उठत नाही. 8 जीबीच्या लॅपटॉपवर पोरं ब्राउझर बंद करून बिल्ड लावायची. नेटवर शोधावं तर निम्मी उत्तरं बाहेरच्या लायब्रऱ्या नोंदवायच्या जुन्या वर्कस्पेस फाइलची, जी आठव्या आवृत्तीपासून आपसूक चालतच नाही. दोन तारे, तेही दयेचे.

एवढं मे महिन्यात तावातावाने लिहून ठेवलं होतं. आता दिवाळीही होऊन गेली, तेव्हा पुढचं.

परसोडीच्या आमच्या ऑफिसात भंगारात काढायचा एक डेस्कटॉप पडून होता. त्यावर बेझल-रिमोट हा, एकदा कंपाइल केलेलं साठवून ठेवणारा, फुकटचा कॅश सर्व्हर टाकला आणि डिस्कची मर्यादा ठरवून दिली. भरत आलं की तो जुनं स्वतःच काढतो. आता एकाने कंपाइल केलेलं दुसऱ्याला आयतं मिळतं. नवीन मशिन घ्यायचं कोटेशन साहेबांच्या टेबलावर होतं, ते तिथेच राहिलं. क्लाउडचं भाडंही नाही. 45 अंशांत कूलर पाण्याविना घरघरत असताना पंखे किंचाळवणारे पूर्ण बिल्ड बंद झाले, हे मला वेगापेक्षाही मोलाचं वाटतं. मेक फायलीची वेळ बघतो. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये ब्रँच बदलून परत आलं की वेगळ्या असलेल्या फायलींच्या वेळा बदलतात आणि त्यांच्यावर टेकलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून. लाइट गेली तर अर्धवट लिहिलेली ऑब्जेक्ट फाइल नवीन तारखेची म्हणून तो खरी मानायचा. मग कोणीतरी हमखास विचारणार, "क्लीन करून पाह्यलं का?" बेझल फायलीतला मजकूर हॅशने, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ठशाने, ताडून पाहतो, त्यामुळे हा प्रश्न ऑफिसात ऐकू येईनासा झाला.

आणि इथेच तारखेचं कोडंही सुटतं. दर बिल्डला फायलीत वेगळी वेळ शिरली तर तोच कोड असूनही बाइट वेगळे, हॅश वेगळा, आणि कॅश कुचकामी. पटलं. तरी निदान एक ओळ सांगायची होती ना, बाप्पा!

तोडगा आहे. बिल्डची माहिती पुरवणारी स्टेटस कमांडची छोटी स्क्रिप्ट, तारीख घेणारी एकच फाइल लिंकस्टॅम्प (लिंक करतानाच कंपाइल होणारी) म्हणून वेगळी, आणि रिलीजच्या वेळी ती माहिती आत घालायला सांगणारा स्टॅम्पचा फ्लॅग. तो विसरलात तर तारीख परत गायब. वेळेला बेझल अस्थिर माहिती समजतो, नुसती वेळ बदलली म्हणून पुन्हा लिंक करत नाही. म्हणून कोडमध्ये काही बदललं नसेल तर स्क्रीनवर मागचीच तारीख राहते. यावरूनही उमरेडहून फोन येऊन गेला.

आता चार तारे. पाचवा तारखेपायी कापला, तो परत मिळणार नाही. पावत्यांचं ते छोटं टूल मात्र मेकवरच ठेवलंय. मोजून तीन फायली, त्यांच्यासाठी जावाचा सर्व्हर कोण पोसून राहिलं?