राउंड डान्सिंग: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

जोडीनं नाचायची हौस आहे पण स्टेप्स पाठ होत नाहीत, अशा लोकांसाठी राउंड डान्सिंगसारखं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या हॉलमध्ये आम्ही काही जोडपी दिवाळीपासून हे करतोय. बहुतेक सगळे पन्नाशीच्या पुढचे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्या जोड्या मोठा गोल करतात आणि घड्याळाच्या उलट दिशेनं पुढं सरकत राहतात. गाण्यावर स्टेप्स आधीच बसवलेल्या असतात, पण त्या लक्षात ठेवायची गरज नसते. क्यूअर पुढच्या स्टेपचं नाव ती यायच्या जरा आधी पुकारतो (ह्या पुकारण्याला क्यू म्हणतात), ते ऐकायचं आणि करायचं. अमेरिकेत स्क्वेअर डान्सच्या, म्हणजे चार जोड्या चौकोन करून नाचतात त्या नाचाच्या, क्लबांबरोबर हे वाढलं. तिथं स्क्वेअरच्या फेऱ्यांच्या मध्ये राउंड लावतात. बऱ्याच स्टेप्स वॉल्ट्झ, रुंबा, चा-चा अशा बॉलरूमच्या, म्हणजे जोडीनं करायच्या पाश्चात्त्य नाचांच्या. राउंडलॅब ही शिक्षकांची संघटना १९७७ पासून आहे. तिनं अवघडपणानुसार सहा फेज ठरवलेत, त्यामुळं आपल्याला झेपेल ते गाणं निवडता येतं.

सुरुवात टू-स्टेपनंच करा. एक पाऊल, दुसरं जवळ, पुन्हा एक पाऊल आणि मग ठेका धरून थांबणं. एवढं अंगात मुरलं की ‘लेफ्ट टर्निंग बॉक्स’ घ्या. बाजूला, जवळ, पुढं, आणि पुढं जाताना डावीकडं पाव वळण. पुढच्या खेपेला तेच, पण मागं जात. अशी चार पाव वळणं झाली की जोडी जिथं तोंड करून उभी होती तिथंच परत येते. क्यू एकदाच मिळतो, चारही वळणं आपली आपण मोजायची. आमच्या हॉलमध्ये सगळ्या जोड्या एका ठेक्यावर भिंतीकडं वळून थांबल्या, त्या संध्याकाळी कुणाचा घरी जायला पायच निघेना.

बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. क्यू पुरुषाच्या पावलांचे असतात. समोरासमोर धरून नाचताना ‘फॉरवर्ड’ ऐकू आलं की आपण मागं जायचं, तेही पाठीमागं काय आहे ते न बघता. शेजारी-शेजारी उभं असलं की मात्र दोघंही पुढं. आमचं काम जास्त अवघड आहे, आणि शिकवणारे त्यावर पुरेसं बोलत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडं समोर क्यूअर मिळणं हीच मोठी अडचण. आम्ही क्यू असलेली रेकॉर्डिंग लावतो, नवीन गाणं आधी वेग कमी करून. व्हिडिओ स्टेप समजून घेण्यापुरताच बघा. नाचताना टीव्हीकडं बघितलं की माना एकाच बाजूला वळतात आणि गोल मोडतो. कानावर भरवसा ठेवलेलाच बरा.

पायात काय घालावं? रबरी तळव्याचे स्पोर्ट्स शूज फरशी धरून ठेवतात, वळताना गुडघ्याला पीळ बसतो. कोल्हापुरी चप्पल सरकते छान, पण टाच मोकळी असल्यामुळं मागं पाऊल टाकताना निसटते. पातळ चामडी तळव्याचा बंद बूट सगळ्यात सोयीचा. आषाढात फरशीला ओल सुटते, तेव्हा आधी कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायची, नाहीतर त्या दिवशी नाच नको.

मंगळागौरीत झिम्मा खेळलेल्या बायकांना गोलाचं भान लगेच येतं. ठेका धरताना कीर्तन-भजनाला बसणारे पुरुषही कमी पडत नाहीत. आमच्या ह्यांना तर टाळाची सवय असल्यानं थांबायचा ठोका कधी चुकत नाही.

आता फेज तीनमधली रुंबा धरलीय. कमरेची हालचाल करताना काही जण अजून संकोचतात, पण हळूहळू सैल होतील. हॉलमध्ये अजून दोन-तीन जोड्या आरामात मावतात. गोल जरा भरलेला असला की नाचायला मजा जास्त येते, तेव्हा कोल्हापुरातल्या कुणाला यायचं असेल तर जरूर कळवा.