दर्यापूर-अकोट रोडवरची नर्सरी : बेगोनिया घ्यायची असेल तर इथूनच घ्या

बेगोनिया, म्हणजे सुंदर पानाफुलांसाठी कुंडीत लावतात ते झाड, आपल्या वऱ्हाडात टिकत नाही असं सगळेच म्हणतात आणि ऑनलाइन मागवलेल्या रोपांचं जे होते ते पाहिलं तर खरं पण वाटते, कारण ते रोप बंगलोर नाही तर कलकत्त्याच्या हवेत वाढलेलं, पन्नीत गुंडाळून डब्यात बंद होऊन येते आणि इकडे उघडलं की एकदम ४४-४५ डिग्री, मग झाड काय करणार. म्हणून ही नर्सरी मला एवढी आवडली. दर्यापूरहून अकोटकडे जाताना रोडला लागूनच आहे, बोर्ड लहानसा आहे, हिरवी नेट दिसली की थांबा. इथले काका-काकू बाहेरून गाडी उतरवून दुसऱ्या दिवशी विकणारे नाहीत, स्वतःच्या झाडांची कलमं करतात आणि ज्या झाडानं एक उन्हाळा इथंच नेटखाली काढला त्याचीच कलमं पुढे लावतात. मला तर वाटते बेगोनिया घेताना फक्त एवढंच विचारायचं, हे झाड मे महिन्यात कुठं होतं?

सगळ्यात चांगली केन बेगोनिया आहे त्यांच्याकडे, बांबूसारखे गाठीगाठीचे दांडे उभे वाढतात आणि फुलांचे घोस खाली लोंबतात, आपल्याकडे नवीन माणसानं हीच घ्यावी. पांढऱ्या ठिपक्यांची मॅक्युलाटा पण याच जातीतली, मूळ ब्राझीलची, पानाची पाठ लालभडक असते, मी दीडशेला घेतली आणि झाड चांगलं भरलेलं होतं. लहान पानांची बारमाही फुलणारी पण आहे, ती स्वस्त आहे. रेक्स, म्हणजे रंगीत नक्षीच्या पानांची बेगोनिया, मात्र काकू फेब्रुवारीनंतर विकतच नाहीत, गिऱ्हाईक पैसे काढून उभं असलं तरी "बाई पाऊस लागला की ये" म्हणून परत पाठवतात, माझ्यासमोर एकाला पाठवलं. रेक्स मूळ आसामकडच्या दमट डोंगरातली, तिला आपली कोरडी हवा लागली की पानाच्या कडा करपतात, हे त्या प्रत्येकाला समजावून सांगतात आणि विकायचं सोडून एवढं खरं बोलणारा दुकानदार मी तरी पाहिला नाही.

पाण्याचं तर विचारूच नका, आपला हा सगळा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं, बोअरचं पाणी घातलं की कुंडीवर पांढरा थर धरते आणि बेगोनियाच्या पानांची टोकं जळतात. इथं टिनाच्या शेडचं पावसाचं पाणी टाक्यात साठवून ठेवलं आहे आणि बेगोनियाला तेच देतात, ते संपलं की नळाचं. घरी पण तसंच करा, आरओ मशीनमधून जे वाया जाणारं पाणी निघते ते चुकूनही घालू नका, त्यात क्षार अजून जास्त राहतात. आणि पाणी रोज नाही, बोट घालून पाहायचं, वरची माती सुकलेली लागली तरच द्यायचं. उन्हाळ्यात पानं माना टाकतात म्हणून लोक अजून पाणी ओततात आणि तिथंच मुळं कुजतात, काकांनी मला एक कुंडी उपसून कुजलेली मुळं दाखवली, काळी पडलेली, हातात मऊ लागत होती.

आता जे नाही आवडलं ते पण लिहिते. भरून ठेवलेल्या मातीच्या थैल्या विकतात त्यात काळी माती फार आहे, कपाशीला ती सोनं आहे पण कुंडीत भिजली की चिकट गोळा होते आणि सुकली की भेगा पडून बारीक मुळं तुटतात. थैली घेऊ नका, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत आणि धुतलेली रेती घरी मिसळा, थोडे कोळशाचे तुकडे टाकले तर अजून चांगलं. दुसरं म्हणजे कोणत्याच कुंडीवर नाव नाही, सगळ्याला बेगोनियाच म्हणतात, त्यामुळे मोबाईलमध्ये फोटो घेऊन जा. पैसे रोखच लागतात.

कूलरचं मला इथंच कळलं आणि ते फार कामाचं आहे. आपल्याकडे मार्चपासून कूलर चालूच राहते, त्या खोलीतली हवा ओलसर असते आणि बेगोनियाला नेमकी तीच पाहिजे, फक्त झोताच्या समोर ठेवायचं नाही, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, उगवतीच्या खिडकीजवळ ठेवायचं, सकाळचं कोवळं ऊन चालते पण दहानंतरचं नाही. माझी मॅक्युलाटा तशीच ठेवली आणि मे महिन्यात नवीन पानं काढली तिनं! पानांवर पाणी फवारू नका, पावसाळ्यात तर नाहीच, भुरी येते, आपल्याला वेलवर्गीय भाज्यांवर माहीत आहे तीच तशी पांढरी पावडर, आली तर ती पानं तोडून दूर टाका आणि कुंड्या थोड्या लांब लांब ठेवा. बकरी किंवा मांजर घरात असन तर उंचावर ठेवा, पानात ऑक्झॅलेट नावाचे क्षार असतात, पान खाल्लं तर त्यांना त्रास होतो.

काकूंनी रेक्सच्या पानावरून झाड कसं करतात ते पण दाखवलं, पान उलटं करून जाड शिरा ब्लेडनं कापायच्या, मग सरळ करून ओल्या कोकोपीटवर दाबून ठेवायचं, वरून पन्नी, काही आठवड्यांनी त्या कापांमधूनच लहान लहान रोपं निघतात. असं फुकटात शिकवणारे कुठं भेटतात सांगा. फुलाच्या मागे तीन पंखांची गाठ असली तर ते मादी फूल आणि नसली तर नर, एकाच झाडावर दोन्ही येतात, हे पण त्यांनीच हातात फूल घेऊन दाखवलं.

एसटीनं जाणार असाल तर खोका घेऊन जा, दांडे लवकर मोडतात, काकू पेपरमध्ये गुंडाळून देतात पण गर्दीत तेवढ्यानं भागत नाही. रेक्सची रोपं पाऊस चांगला लागला की बाहेर काढतात आणि ती लवकर संपतात, पाहिजे असली तर आधी सांगून ठेवा, ठेवतात ते बाजूला.